मिथिलेची लिखिया आणि गंगादेवींची कर्करोग-चित्रमाला

मिथिलेतील स्त्रियांच्या भित्तिचित्रांचा आधुनिक इतिहास आपत्तींनी घडविला आहे. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये भूकंप झाला. पडझडीची पाहणी करणाऱ्या विल्यम आर्चर या सनदी अधिकाऱ्यास कोसळलेल्या घरांच्या आतील भिंतींवर ही चित्रे दिसली. 1949 साली त्याने त्यांविषयी 'मार्ग' नियतकालिकात लेख लिहिला. पुढे 1966-67 च्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांस मधुबनीकडे धाडिले. स्त्रियांनी भिंतीवरची चित्रे कागदावर उतरवावीत आणि त्यांच्या विक्रीतून घरात चार पैसे यावेत, असा हा बेत होता. कलेने दुःख हलके होते की काय, हा विचार त्यात नव्हता. प्रश्न पोटाचा होता.

मैथिलीत या कर्मास 'लिखिया' म्हणतात. तेथे चित्र काढीत नाहीत, लिहितात. संस्कृत 'लिख्' धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, रेघ ओढणे असाच आहे, आणि 'आलेख्य' म्हणजे चित्र. जुन्या मराठीतही चित्र लिहिले जाई. आज आपण ते 'काढतो'. (हा पालट केव्हा व कसा झाला, हे एखाद्या विद्यार्थ्याने शोधून पाहावे.) लिखियेची शब्दसंपत्ती रूढीने ठरलेली होती. 'कोहबर' म्हणजे नवदांपत्याच्या खोलीतील मंगल आलेख. त्यात कमळे, बांबू, मासे, कासव, पोपट. सारी चिन्हे सुफलतेची. शोकासाठी या कोशात शब्दच नव्हता.

म्हणून गंगादेवींचे कार्य मला विशेष महत्त्वाचे वाटते. त्या कायस्थ घराण्यातील. बारीक रेघांच्या 'कचनी' पद्धतीत त्यांचा हात सिद्ध झालेला होता. पतीने दुसरा विवाह केल्यावर त्यांच्या वाट्यास हालअपेष्टा आल्या, आणि कागदावरील चित्रांनीच त्यांना स्वतःची उपजीविका दिली. 'मानवजीवन' या मालिकेत त्यांनी मिथिलेतील स्त्रीच्या आयुष्यातील संस्कार क्रमाने लिहिले. 1984 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत कर्करोगाने गाठले व दिल्लीत उपचार सुरू झाले. त्या काळात त्यांनी आपल्या आजाराचीच चित्रमाला केली. गाव, प्रवास, रुग्णालयातील खाटा, डॉक्टर, उपचार हे सारे विषय परंपरेला सर्वस्वी अनोळखी होते. रेघ मात्र तीच, लग्नघरातली. व्याकरण जुने आणि वाक्य पूर्वी कोणी न उच्चारलेले, असे याचे वर्णन करता येईल.

या चित्रांना 'उपचार' म्हणण्याची घाई करू नये. रोग बरा झाला नाही. 1991 साली गंगादेवी निवर्तल्या. परंतु रुग्णालयात ज्या देहावर इतरांनी उपचार केले, त्याची हकीकत त्यांनी स्वतः, आपल्या क्रमाने मांडली. सावरणे या शब्दाचा इतका मर्यादित अर्थ घेतला, तर तो येथे निश्चित लागू पडतो. कर्करोगाचे उपचार चालू असतानाच त्यांनी दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात एका खोलीच्या भिंतींवर संपूर्ण कोहबरही लिहिला. दुखण्याची कथा कागदावर आणि मंगल आलेख भिंतीवर, ही दोन्ही कामे एकाच हाताने त्याच काळात केली, हे अभ्यासकांनी ध्यानात ठेविले पाहिजे. संग्रहालयाच्या नूतनीकरणात ती खोली पुढे नष्ट करण्यात आली.