कुंपणाने खाल्लेलं शेत

‘कुंपणच शेत खातं’ ही म्हण आपण विश्वासघातासाठी वापरतो. दख्खनच्या शेतकऱ्याने ती फड्या निवडुंगाच्या रूपाने शब्दशः भोगली. मूळ अमेरिकेतला हा निवडुंग गुरं आवरायला बांधावर लागला. पाणी मागत नाही, काट्यांमुळे जनावर तोंड घालत नाही, राखणीचा खर्च नाही. याच गुणांच्या जोरावर तो बांध ओलांडून शेतात, गायरानात, थेट गावकुसापर्यंत घुसला. जांभळी बोंडं पाखरांनी खाल्ली आणि बिया दूरवर नेल्या. कोयता चालवावा, तर तुटलेला फड पडेल तिथे मूळ धरी. सफाई हीच लागवड ठरे. तोडलेलं सगळं गोळा करून जाळायचं किंवा खोल पुरायचं, एवढाच इलाज. पेरणीच्या तोंडावर त्याला माणसं आणायची कुठून?

सुटका केली ती किड्याने, आणि त्या कथेची सुरुवात एका चुकीतून झाली. 1795 साली कॅप्टन नीलसन याने ब्राझीलहून कलकत्त्याला किडे आणले. ईस्ट इंडिया कंपनीला त्यांच्यापासून किरमिजी रंग काढायचा होता. किड्यांची जात चुकली, रंग हलका निघाला. पण उत्तरेत पसरलेल्या निवडुंगाचा त्यांनी फडशा पाडला. दक्षिणेतल्या पिवळ्या फुलांच्या निवडुंगाला मात्र ते लागेनात. त्यासाठी 1926 साली श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचे किडे आणले गेले, आणि थोड्याच वर्षांत दक्षिण भारतातली सुमारे 40,000 हेक्टर जमीन मोकळी झाली. या किड्यांनी धरलेल्या फडावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात. एक चिरडला की बोट लालभडक होतं.

मग निवडुंगासारख्याच माजलेल्या घाणेरीवर आणि वेड्या बाभळीवरही असाच किडा सोडावा, असं कोणी म्हणेल. घाणेरीवर ते करून झालं आहे. 1941 साली परदेशी किडा आणला, तो इथे रुळलाही. घाणेरी मात्र हटली नाही. माझ्या मते निवडुंगाच्या इतिहासाचा धडा किड्यापाशी संपत नाही. निवडुंग गेला तरी गुरं आवरायची होती, चूल पेटवायची होती. ती गरज भागवायला वेडी बाभूळ सरपणाचं झाड म्हणून आपणच लावली. गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बिया रानभर गेल्या. तिच्या कोळशावर अनेक गरीब घरं चालतात, हा आक्षेप खरा आहे आणि तो डावलून चालणार नाही. पण कोळशासाठी वरवर तोडलेली बाभूळ बुंध्यापासून फुटते आणि दुप्पट दाट होते. तिला काढायचं तर बुंधा मुळाच्या गड्ड्यासकट उकरावा लागतो. सरपण त्यातूनही मिळतं. पण एक काटा गेला की रिकाम्या जागी दुसरा येतो. म्हणून बांध साफ करणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: मोकळी झालेली जागा एक पावसाळाही रिकामी सोडू नका. सागरगोटा, चिल्हार, करवंद ही इथलीच काटेरी झाडं आहेत. गुरं तीही अडवतात.