खासगी बाजार ते मुरार छावणी

आमचं घर लष्करच्या खासगी बाजारात. लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचा जुना मराठी भाग. पुण्याचे पाहुणे आले की पाटी वाचून हसतात, सरकारी बाजार कुठे आहे म्हणून विचारतात. त्यांचा दोष नाही. संस्थानी कारभारात 'खासगी' म्हणजे राजघराण्याचा स्वतःचा जमाखर्च सांभाळणारं खातं. दौलतीचा पैसा वेगळा, खासगीचा वेगळा. म्हणजे आमच्याकडे खासगी हा शब्द राजवाड्यातून आला, दुकानातून नव्हे. हे मी उगाच सांगत नाही.

दर महिन्याला मी इथून टेंपोत बसतो आणि महाराजवाडा, फूलबाग, पडाव करत मुरार छावणीकडच्या ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकला जातो. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या आणायच्या असतात, बायकोची थायरॉइडची असते. वाटेतली नावं ऐका. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि उठलाच नाही, म्हणून लष्कर. कवायती पलटणींची छावणी ती कंपू. पडाव म्हणजे मुक्काम. चिटणीस की गोठ आहे, ती गोठ म्हणजे सरदाराचा गोट. सगळं शहरच फौजेच्या बिऱ्हाडावर बसलेलं आहे. अशा शहरात म्हातारा, लंगडा, खोकणारा शिपाई ही काही नवी गोष्ट नाही. त्याला औषध कोणी द्यायचं, हा प्रश्न मात्र दर दोन पिढ्यांनी नव्याने निघतो.

परवा टोकनच्या रांगेत पुन्हा निघाला. शेजारी बसलेले एक सुभेदारसाहेब वैतागून म्हणाले, "हे पॉलिक्लिनिक बंद करा, विम्याचं कार्ड द्या, सगळं प्रायव्हेटला सोपवा आणि कटकट मिटवा." बऱ्याच माना डोलल्या. माझीही अर्धी डोलली. मी आर्मी मेडिकल कोअरमधून हवालदार म्हणून निवृत्त झालो, ट्रेड नर्सिंग असिस्टंट. चोवीस वर्षं ड्रेसिंग केली, सुया टोचल्या, बेडपॅन उचलले. या विषयावर मला बोलायचा थोडा हक्क आहे असं मी समजतो.

सुरुवात पानिपतापासून करावी लागते, त्याला इलाज नाही. १४ जानेवारी १७६१. पळणाऱ्या महादजी शिंद्यांना पाठलाग करणाऱ्या अफगाण स्वाराने गाठलं, पायावर घाव घातला आणि मेलेला समजून सोडून दिलं. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना पखालीच्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणलं. आमच्या भाषेत याला कॅज्युअल्टी इव्हॅक्युएशन म्हणतात. तिथे ना वैद्य होता ना हुकूम. एका पाणक्याची माणुसकी आणि एक बैल, एवढंच. महादजी जन्मभर लंगडत चालले. राणेखानाला त्यांनी भाऊ मानलं आणि पुढे फौजेचा सेनापती केलं. म्हणजे ग्वाल्हेरची गादी ज्याच्या नावावर उभी राहिली, तो माणूस स्वतः लढाईत अपंग झालेला शिपाई होता.

याच महादजींनी १७८४ मध्ये द बॉयन नावाच्या सॅव्हॉयच्या माणसाला नोकरीत घेतलं आणि त्याच्याकडून कवायती कंपू उभे करवले. त्याने लढाया कशा जिंकल्या ते इतिहासाच्या पुस्तकांत आहे. माझ्या धंद्याची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती त्याच कंपूंमध्ये नोकरी केलेल्या लुईस फर्डिनंड स्मिथने १८०५ साली कलकत्त्यात छापलेल्या पुस्तकात आहे. जखमी झालेल्या प्रत्येकाला, मग तो अफसर असो की शिपाई, जखमेच्या मानाने रक्कम मिळे. पंधरा दिवसांच्या पगारापासून तीन-चार महिन्यांच्या पगारापर्यंत. बरा होईपर्यंत पगार कापत नसत. कायमचा निकामी झाला तर जन्मभर अर्धा पगार आणि वर जमीन.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून चहा करायला उठलो. अठराव्या शतकातला, पगारावर लढणारा परदेशी माणूस, आणि त्याची तरतूद माझ्या डिस्चार्ज बुकपेक्षा स्पष्ट! जखम केवढी, पैसे केवढे, किती दिवस, सगळं ठरलेलं.

पण त्यातली खरी मेख वेगळी आहे. द बॉयनच्या शिपायाला पगार वेळेवर मिळे, कारण महादजींनी त्याला गंगा-यमुनेमधल्या अंतर्वेदीतला मुलूख 'जायदाद' म्हणून लावून दिला होता. त्या मुलखाचा वसूल थेट कंपूच्या खर्चाला. खजिन्याच्या दारात हात पसरायला नको. हिंदुस्थानातल्या बाकीच्या फौजा पगार थकला म्हणून सरदाराच्या दारात धरणं धरून बसत, त्या काळात ही गोष्ट. द बॉयन १७९५ च्या अखेरीस निघून गेला. १८०३ मध्ये दिल्ली आणि लासवारीला कंपू मोडले, आणि सुर्जी-अंजनगावच्या तहात अंतर्वेद ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. लिहिलेला शब्द कितीही चांगला असो, त्याच्या पाठीशी कुठला महसूल बांधलेला आहे ते आधी बघावं. हे मला कंपूने शिकवलं, लखनौच्या ट्रेनिंग सेंटरने नाही.

मधला काळ भरभर सांगतो. २९ डिसेंबर १८४३ रोजी एकाच दिवशी महाराजपूर आणि पनियार इथे शिंद्यांची फौज हरली, तहात तिच्यावर नऊ हजारांची मर्यादा आली, आणि जास्तीचे शिपाई घरी गेले. मुरारला इंग्रज अफसरांच्या हाताखालची कंटिंजंट फौज बसली, ती १८५७ मध्ये उठली. किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत मिळाले ते १८८६ मध्ये. त्या साऱ्या वर्षांत घरी गेलेल्या शिपायाला कोण विचारत होतं? घरच्या बायका. हळदीचा लेप, एरंडेल आणि देवाचा अंगारा.

मग आले माधवराव महाराज. यांना यंत्रांचा, आगगाड्यांचा आणि इस्पितळांचा नाद. माझ्या आजोबांनी ज्याचं औषध जन्मभर घेतलं ते जयारोग्य इस्पितळ त्यांनी वडिलांच्या, जयाजीरावांच्या नावाने उभं केलेलं. ते आहे कंपूतच. १९०० साली चीनमध्ये बॉक्सरांचं बंड झालं, तेव्हा महाराजांनी पदरच्या पैशाने 'ग्वाल्हेर' नावाचं इस्पितळ-जहाज सज्ज करून दिलं आणि स्वतःही चीनला गेले. १९१४ मध्ये महायुद्ध पेटल्यावर त्यांच्या पुढाकाराने संस्थानिकांनी दुसरं जहाज घेतलं. मूळ नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया', प्रशांत महासागरात उतारू नेणारं. त्याचं नाव ठेवलं 'लॉयल्टी' आणि हिंदी जखमी शिपायांची ने-आण त्यातून होऊ लागली.

महायुद्ध संपल्यावर त्या जहाजाचं काय झालं? विकलं. घेणारे होते सोलापूरकडचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे भागीदार. त्यांच्या नव्या कंपनीचं नावही ग्वाल्हेरवरूनच, सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली, आणि त्या तारखेला आपण आज राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. गोऱ्या जहाज कंपन्यांची मक्तेदारी मोडायला हिंदी भांडवल निघालं याचा अभिमान मलाही आहे. पण कोअरमध्ये चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला त्या दिवशी दुसरंही काही आठवतं. त्याच डेकवर स्ट्रेचर ठेवलेली होती. चारेक वर्षांत जहाज भंगारात गेलं.

सांगायचं ते एवढंच, की महाराजांचं जहाज हे खासगीतून केलेलं पुण्य होतं. पुण्य मोठं असतं, पण मागता येत नाही. माझे आजोबा संस्थानच्या ट्रान्सपोर्टमध्ये खेचरांवर होते. त्यांचा गुडघा शत्रूने नव्हे, खेचराने फोडला. मी लहान असताना दर सोमवारी ते काठी टेकत जयारोग्यात जायचे, बाटलीवर कागदाची पट्टी डकवलेलं लाल मिक्स्चर घेऊन यायचे. कोणाचं औषध हो आजोबा, असं विचारलं की म्हणायचे, "सरकारचं." तोवर १९४८ मध्ये मध्यभारत झाला होता, संस्थानी फौज भारतीय सैन्यात विलीन होऊन एक पलटण कुमाऊं रेजिमेंटमध्ये 'चौदा कुमाऊं, ग्वालियर' झाली होती, राज्यही पुन्हा बदलून मध्य प्रदेश झालं होतं. आजोबांच्या लेखी सरकार म्हणजे शिंदे सरकार. ते औषध त्यांना कधी हक्काचं वाटलं नाही. बाटली दोन्ही हातांनी घ्यायचे.

आता माझं. मी १९७४ मध्ये भरती झालो, १९९८ मध्ये घरी आलो. वर्दीत असताना सर्दी झाली तरी एम.आय. रूम, म्हणजे पलटणीचा दवाखाना. वर्दी उतरली की लष्करी हॉस्पिटलमध्ये तुमची जागा रांगेच्या शेवटी. बेड रिकामा असेल, स्पेशालिस्टला वेळ असेल, तर. मी स्वतः आत असताना अशा म्हाताऱ्यांना परत पाठवलेलं आहे. "बाबा, आज नाही होणार." हुकूम बरोबरच होता, पहिला हक्क नोकरीतल्या जवानाचा. पण ते शब्द माझ्याच तोंडून गेले आहेत. जे ओपीडीचा हक्क सोडत, त्यांना वैद्यकीय भत्ता मिळे महिन्याला १०० रुपये.

१ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस सुरू झाली. एकदाच वर्गणी भरायची. १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना तीही माफ. मी दोन वर्षं उशिरा निघालो म्हणून भरली. त्या बदल्यात नवरा-बायको दोघांना जन्मभर उपचार. रोजची औषधं पॉलिक्लिनिकमधून, मोठं दुखणं असलं तर तिथल्या डॉक्टरच्या रेफरलवर यादीतल्या खासगी हॉस्पिटलात, कॅशलेस. बिल सरकार सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या, दराने भरणार. आज देशभरात अशी चारशेहून अधिक पॉलिक्लिनिकं आहेत, आणि त्यातले डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट बहुतेक कंत्राटी.

तेव्हा सुभेदारसाहेबांना मी म्हटलं, खासगीकरण व्हावं की नाही यावर आता भांडून काय करता? अर्ध्याहून जास्त ते वीस वर्षांपूर्वीच झालंय, तुम्ही-आम्ही मुकाट्याने कार्ड काढलं. अमेरिकेत भांडण उलट दिशेने आहे. तिथे माजी सैनिकांसाठी सरकारची स्वतःची वेगळी हॉस्पिटलं आहेत. २०१४ मध्ये फीनिक्सच्या हॉस्पिटलातल्या लपवलेल्या प्रतीक्षायाद्या उघड झाल्या, मग बाहेर उपचार घ्यायची मुभा देणारा कायदा झाला, २०१८ मध्ये ती आणखी वाढवली. आता तिथे भीती अशी, की पैसा बाहेर वाहत राहिला तर घरचं हॉस्पिटल सुकेल. आपल्याकडे निवृत्तांसाठी घरचं असं एकच आहे, पॉलिक्लिनिकच्या त्या चार-पाच खोल्या.

माझ्या हृदयात दोन स्टेंट आहेत. दोन्ही खासगी हॉस्पिटलात बसले, एक पैसा लागला नाही, आणि बसवणारा पोरगा अव्वल होता. लष्कराने प्रत्येक जिल्ह्यात कॅथलॅब बांधावी असं मी म्हणणार नाही. पण दुसरी गोष्टही सांगतो. तीन वर्षांनी एका रात्री बायकोला दम लागला. यादीतल्याच एका हॉस्पिटलात नेलं. काउंटरवरच्या मुलीने कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. "अंकल, ईसीएचएस का पेमेंट अटका है, अभी नहीं ले रहे." मी तिच्यावर ओरडलो नाही. तिला तसंच सांगितलेलं होतं, जसं नोकरीत असताना मला वरच्या हुकुमाने सांगितलेलं असायचं. बिलं थकली की हॉस्पिटल दार लोटून घेतं, कारण हॉस्पिटलाला कोणी जायदाद लावून दिलेली नाही. घरून पैसे आणले, भरती केलं, नंतर कागद गोळा करून परतावा मागितला. आला, सात महिन्यांनी, कापून.

विम्याचं कार्ड आलं तर काउंटरवरची मुलगी बदलेल, वाक्य तेच राहील, फक्त अडकवणारा नवा असेल. आणि तक्रार करायला मुरारला जाता येणार नाही, टोल-फ्री नंबर लावावा लागेल. पॉलिक्लिनिकमध्ये निदान ओआयसी (प्रभारी अधिकारी) नावाचा एक माणूस खुर्चीत सापडतो, तोही माजी फौजी. त्याच्या टेबलावर कागद आपटता येतो. फार्मासिस्ट पोरगी कंत्राटी आहे, दरवर्षी तिच्या पोटात गोळा येतो, पण तिला ठाऊक आहे की मला नीट दिसत नाही आणि गोळ्यांचा रंग सांगावा लागतो. गोळी नसली की ती चिठ्ठीवर 'एन.ए.' लिहिते आणि मला आधी सांगते, "दादा, गुलाबीवाली अगले हफ्ते."

स्टेंट बाहेरून विकत घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण रेफरलवर सही करणारा हात आणि बिलाचा पैसा हे दोन्ही सरकारने स्वतःकडेच ठेवावेत. आणि तो पैसा द बॉयनच्या पद्धतीने, दुसऱ्या कशाला हात लावता येणार नाही असा, आधी बाजूला काढलेला असावा. एवढं झालं तर बाकीच्याला खासगी म्हणा, सरकारी म्हणा. सुभेदारसाहेबांना हे मी रांगेतच सांगितलं. ते म्हणाले, "तुम मराठे लोग हर बात में महादजी को ले आते हो."

तेवढ्यात माझा नंबर आला. गुलाबी गोळी आली नव्हती.