दप्तर ज्याच्या हाती

औंढ्याच्या नागनाथाला गेलात तर देवळाकडे बोट दाखवून कोणीही सांगेल, हे हेमाडपंती बांधकाम. बाहेरच्या भिंतीवरून हात फिरवत प्रदक्षिणा घातली की दगडातले हत्ती, देवदेवता, नक्षीचे थर एकामागून एक येत राहतात. ज्यांनी छिन्नी चालवली त्यांच्या नावाने मात्र ही शैली कोणी ओळखत नाही. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा करणाधिप, राज्याच्या दप्तराचा प्रमुख. तेराव्या शतकातला हा माणूस मोठा विद्वान होता, पण पाथरवट नव्हता. त्याच्या आधी उभ्या राहिलेल्या देवळांनाही आपण आज सरसकट त्याचंच नाव लावतो. घडवणाऱ्या हातांची नावं गेली आणि दप्तर सांभाळणाऱ्याचं नाव राहिलं.

मी हिंगोली जिल्ह्यातला. गेली बरीच वर्षं मुंबईत सिनेमा आणि मालिकांच्या संकलनाचं काम करतो. औंढ्याची ती भिंत मला माझ्या धंद्यामुळे आठवते. आमच्याकडे आता नवं काम मागायला गेलं की समोरचा म्हणतो, आयएमडीबीची लिंक पाठवा. आयएमडीबी म्हणजे सिनेमा-मालिकांत कोणी काय काम केलं याच्या नोंदींचं इंटरनेटवरचं दप्तर. माणूस काय करतो, किती वर्षं करतो, हे तो त्या पानावर बघतो आणि मग फोन करायचा की नाही ते ठरवतो.

हे दप्तर सुरू झालं ते हौशी माणसांच्या याद्यांतून. 1990 मध्ये कॉल नीडहॅम या इंग्लंडमधल्या सिनेमावेड्या तरुणाने आपल्यासारख्याच शौकिनांनी जमवलेल्या नट-दिग्दर्शकांच्या याद्या एकत्र शोधता येतील अशी सोय केली. 1998 मध्ये अ‍ॅमेझॉनने ते विकत घेतलं. 2002 मध्ये धंद्यातल्या लोकांसाठी पैसे भरून वापरायची शाखा निघाली, तिचं नाव आयएमडीबी-प्रो. केलेल्या कामाची नोंद घालायला आजही पैसे पडत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पैसे पडतात ते मांडणीला. पानाच्या माथ्यावर कोणता फोटो दिसावा, ‘यांची ओळख यामुळे’ म्हणून कोणती चार कामं पुढे यावीत, हे वर्गणीदाराला निवडता येतं. वर्गणी न भरणाऱ्यासाठी ती निवड यंत्र करतं. अमेरिकेत ही वर्गणी महिन्याला सुमारे वीस डॉलर आहे. ज्या पोराचं महिन्याचं भाडंच कसंबसं निघतं, त्याच्यासाठी ही रक्कम लहान नाही.

पैसे देऊन नाव नोंदवणं आपल्याला नवं नाही. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. यात्रेकरू जातो, गाव आणि आडनाव सांगतो, उपाध्याय वही काढतात आणि आजोबा-पणजोबा कधी येऊन गेले ते वाचून दाखवतात. मग आपली नोंद होते, खाली आपली सही होते आणि दक्षिणा दिली जाते. त्या व्यवहारात एक गोष्ट मला मोलाची वाटते. दक्षिणा ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे असते, पण कमी देणाऱ्याचा पणजोबा वहीतून मागे सरकत नाही. दानाच्या शिलालेखांची तऱ्हा वेगळी. तिथे दान देणारा राजा किंवा सरदार आधी येतो आणि कष्ट करणारे बहुधा येतच नाहीत. या दोन्ही रीती आपल्याच आहेत.

तिसरी रीत आमच्या जिल्ह्यात सुरू झाली असं मी मानतो. हिंगोलीजवळचं नरसी हे परंपरेने नामदेवांचं जन्मगाव आणि औंढ्याच्या याच देवळात विसोबा खेचरांनी त्यांना उपदेश केला, असं वारकरी सांगतात. शिंप्याच्या घरात जन्मलेल्या या माणसाजवळ ना राजाचं दप्तर होतं, ना शिलालेखाला पैसा. त्यांनी आपलं नाव रचनेतच विणलं. अभंगाच्या शेवटच्या चरणात ‘नामा म्हणे’ आलं की रचना कोणाची हे वेगळं लिहायची गरज उरत नाही. गाणारा बदलला, गाव बदललं, तरी नाव अभंगासोबत चालत राहतं. शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईंनीही तेच केलं. नामदेवांच्या घरची दासी म्हणून राबणाऱ्या बाईचं नाव सातशे वर्षं टिकलं, ते या नाममुद्रेमुळे.

पण नाममुद्रा पुरी पडली नाही. कीर्तनकार आपल्या उपयोगासाठी अभंग वह्यांमध्ये उतरवून घेत, त्यांना बाडं म्हणतात. माझ्या आजोबांकडेही असं एक बाड लाल कापडात बांधलेलं होतं. त्यात कोणता अभंग कोणाकडून घेतला याची खूण नव्हती, कारण आजोबांना तो गायचा होता. अशाच बाडांतून नामदेवांचा गाथा जमला. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा दुसरा मोठा कवी होऊन गेला. त्याने महाभारत ओवीबद्ध केलं. त्याच्याही अभंगांच्या शेवटी ‘नामा’ येतो. दोघांच्या रचना एकमेकींत मिसळल्या आणि अभ्यासक आजही त्या निवडत बसले आहेत. अमेरिकन अभ्यासक ख्रिश्चन नोव्हेट्झके यांनी 2008 च्या आपल्या ग्रंथात ही बाडं आणि कीर्तनाची परंपरा तपासली आहे. त्यांनी दाखवलं आहे की नामदेव हे नाव एका माणसाचं होतं, तसं ते पुढच्या अनेकांनी पुढे चालवलेलंही होतं. ते मला पटतं. तरीही विष्णुदास नाम्याच्या वाट्याचं श्रेय त्याला मिळालं नाही, ही खंत उरतेच.

याच नामदेवांची 61 पदं पंजाबात शीख धर्मग्रंथात आहेत. 1604 मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यांच्यासमोर हीच अडचण होती. सगळे गुरू आपल्या रचनेच्या शेवटी ‘नानक’ हेच नाव घालत. मग पहिल्या गुरूंची रचना कोणती आणि पाचव्यांची कोणती? त्यांनी प्रत्येक रचनेवर शीर्षक घातलं. महला पहिला, महला तिसरा, महला पाचवा, असा गुरूंचा क्रम लावला. भक्तांच्या पदांवर त्या त्या भक्ताचं नाव घातलं. कबीर, रविदास, नामदेव, कोणाचं कोणात मिसळलं नाही. संकलन ज्या दिवशी होतं, त्याच दिवशी नाव लावायचं, हा धडा चारशे वर्षांपूर्वीचा आहे. 2015 मध्ये पंजाबातल्या घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं, ते त्या गावाचा नामदेवांशी संबंध म्हणून. नामदेवांचं नाव पंजाबात टिकलं याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे ग्रंथातलं ते शीर्षक.

आमच्या धंद्याने हा धडा उशिरा घेतला. 1949 मध्ये ‘महल’मधल्या ‘आएगा आनेवाला’ची तबकडी निघाली, तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे नाव छापलं होतं. कामिनी हे पडद्यावरच्या मधुबालाच्या पात्राचं नाव. श्रोत्यांनी विचारणा केली तेव्हा गाणारीचं नाव लोकांना कळलं: लता मंगेशकर. पुढे ‘चोरी चोरी’च्या संगीताला फिल्मफेअर मिळालं, तेव्हा त्यातलं ‘रसिक बलमा’ समारंभात गायला लताबाईंनी नकार दिला, कारण गायकांसाठी पुरस्कारच नव्हता. 1959 पासून तो सुरू झाला. गायकांना श्रेय मिळालं ते मागितल्यामुळे, अडून बसल्यामुळे.

कायदाही हळूहळू त्या दिशेने आला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 प्रमाणे लेखकाने हक्क विकले तरी ही कृती माझी आहे असं म्हणायचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. 2012 च्या दुरुस्तीने कलम 38-ब आलं आणि कलाकारालाही आपली ओळख नोंदवून घ्यायचा अधिकार मिळाला. पण त्याच दुरुस्तीत एक मेख आहे. ज्याचं काम किरकोळ आणि ज्याचं नाव धंद्याच्या रिवाजाप्रमाणे श्रेयनामावलीत येत नाही, त्याला एखादा अपवाद सोडला तर कलाकारच धरायचं नाही. गर्दीतला ज्युनिअर आर्टिस्ट त्यात अडकतो. संकलक आणि ध्वनिमुद्रक यांचं नाव तर निव्वळ करारावर अवलंबून. म्हणजे श्रेयनामावलीतली एक ओळ माणसाचा हक्क ठरवू शकते. माझ्या एका मालिकेत माझं नाव तीन महिने आलं नाही. त्या तीन महिन्यांचा माझ्याजवळ आज कोणताच पुरावा नाही.

अमेरिकेत तर दप्तरात काय असावं याचं भांडण कोर्टात गेलं. आपलं वय आयएमडीबीच्या दप्तरातून काढावं म्हणून एका अभिनेत्रीने 2011 मध्ये दावा लावला, तो 2013 मध्ये ती हरली. मग कॅलिफोर्नियाने 2016 मध्ये कायदा केला की वर्गणीदाराने मागितलं तर वय काढलंच पाहिजे. 2018 मध्ये कोर्टाने तो कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात ठरवला, 2020 मध्ये वरच्या कोर्टानेही तेच म्हटलं. खरी माहिती छापू नका असं सरकार सांगू शकत नाही, हा निकाल मला योग्य वाटतो. पण त्या कायद्याने संरक्षण दिलं होतं ते फक्त पैसे भरणाऱ्याला, हे मला जास्त खटकतं.

चांगल्या फोटोचे पैसे घ्या, जाहिरातीचे घ्या. पण कामाची नोंद, तिचा क्रम आणि चूक दुरुस्त करायचा अधिकार हे तिन्ही कामासोबतच मिळाले पाहिजेत, वेगळे विकत घ्यावे लागता कामा नयेत. हे बाहेरच्या कंपनीवर सोडून चालणार नाही. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळाने प्रत्येक गाण्याखाली कवी, संगीतकार आणि गायक यांची नावं देऊन मराठीत हे करता येतं हे दाखवलं आहे. आमच्या जिल्ह्यातले गोंधळी, शाहीर, भारुडकार, पखवाजी यांचे व्हिडिओ आज मोबाइलवर फिरतात, आणि वर नाव असतं ते चॅनेलवाल्याचं. नरसीला, औंढ्याला, कळमनुरीला कार्यक्रम चित्रित करणाऱ्या प्रत्येक पोराला माझं सांगणं आहे: व्हिडिओ चढवण्याआधी गाणाऱ्याचं, वाजवणाऱ्याचं आणि रचणाऱ्याचं नाव विचारा आणि पहिल्या ओळीत लिहा. याला पाच मिनिटं लागतात. आज दप्तर तुमच्या हातात आहे.