लढाऊ हेलिकॉप्टरांच्या पिढ्या

राष्ट्राराष्ट्रांच्या लष्करी बळाची तुलना करताना अमक्याजवळ इतकी लढाऊ हेलिकॉप्टरे आणि तमक्याजवळ तितकी, असा हिशेब मांडण्याची रीत पडून गेली आहे. रणगाड्यांच्या बाबतीत ती एक वेळ चालून जाईल. हेलिकॉप्टरची गोष्ट निराळी. हे यंत्र हवेत तरंगते, पण लढते ते जमिनीशी. आणि ज्या जमिनीसाठी, ज्या शत्रूविरुद्ध ते घडविले गेले, त्यांची खूण त्याच्या अंगावर कायमची उमटलेली असते. म्हणून त्याच्या पिढ्यांचा इतिहास हा कारखान्यांपेक्षा रणभूमींचा इतिहास अधिक आहे.

हेलिकॉप्टरला शस्त्र बांधण्याचा पहिला मोठा प्रयोग फ्रेंचांनी अल्जीरियात केला. १९५४ ते १९६२ पर्यंत चाललेल्या त्या युद्धात डोंगरमाथ्यांवर सैनिक उतरविण्यासाठी फ्रेंच लष्कर हेलिकॉप्टरांचा उपयोग करीत असे. उतरण्याचा क्षण हाच सर्वांत घातक; कारण त्या वेळी यंत्र जवळजवळ स्थिर असते आणि खडकाआड दबा धरलेल्या माणसाला नेम धरण्यास पुरेशी उसंत मिळते. तेव्हा काही सिकोर्स्की हेलिकॉप्टरांवर २० मिलिमीटरची तोफ बसवून ती इतरांच्या रक्षणास ठेवण्यात आली. परकी राजवट टिकविण्यासाठी लढविलेली ही युक्ती. राजवट टिकली नाही. युक्ती मात्र जगभर गेली.

अमेरिकनांनी ती व्हिएतनाममध्ये उचलली आणि तेथे एक विचित्र अडचण उभी राहिली. ह्युई हेलिकॉप्टरांवर मशिनगना व अग्निबाणांची नळकांडी लादल्यावर ती इतकी जड होत, की ज्यांचे रक्षण करावयाचे ती सैनिकवाहू हेलिकॉप्टरेच त्यांच्या पुढे निघून जात. बेल कंपनीने यावर काढलेला तोडगा मोठा सुटसुटीत होता. ह्युईची यंत्रणा बव्हंशी तशीच ठेवून तिने सांगाडा तेवढा पालटला. वैमानिक व तोफची शेजारीशेजारी न बसविता एकामागे एक बसविले आणि अंगाची रुंदी जेमतेम तीन फुटांवर आणली. समोरून नेम धरणाऱ्याला लक्ष्यच अरुंद झाले. हे ‘कोब्रा’ सप्टेंबर १९६५ मध्ये प्रथम उडाले व १९६७ मध्ये रणांगणावर आले. केवळ हल्ल्यासाठी जन्मलेले आणि मोठ्या संख्येने बांधले गेलेले हे पहिले हेलिकॉप्टर होय. १९७२ मध्ये कोन्टुमच्या लढाईत तारेने दिशा दिली जाणारी ‘टो’ क्षेपणास्त्रे ह्युई हेलिकॉप्टरांवरून सोडून रणगाडे फोडण्यात आले, तेव्हा रणगाड्याला आभाळातला वैरी मिळाल्याचे सर्व सेनापतींच्या ध्यानी आले.

सोव्हिएत रशियाची कल्पना वेगळी होती. रचनाकार मिखाईल मिल यांना पायदळाचे चिलखती वाहनच उडवून दाखवावयाचे होते. त्यांचे एमआय-२४ हे १९६९ मध्ये उडाले. पुढच्याच जानेवारीत मिल निवर्तले. या यंत्राच्या पोटात आठ सैनिक बसत, पंखांखाली अग्निबाण लटकत आणि चालकाभोवती चिलखत असे. दोन हजारांहून अधिक बांधले गेलेले हे हेलिकॉप्टर अनेक देशांत पोहोचले. अफगाणिस्तानात त्याची खरी कसोटी लागली. उंच डोंगर, विरळ व तापलेली हवा यांमुळे भरलेले यंत्र जागच्या जागी वर उचलणे दुष्कर होई. मग विमानासारखे धावपट्टीवरून पळवून ते उडवावे लागे. पोटातले सैनिक तर बहुधा घरीच राहत. म्हणजे ज्या कल्पनेसाठी ते घडले, तीच तेथे निरुपयोगी ठरली. सप्टेंबर १९८६ पासून मुजाहिदीनांच्या हाती अमेरिकन ‘स्टिंगर’ क्षेपणास्त्रे आली. खांद्यावरून सोडता येणारे आणि इंजिनाच्या उष्णतेचा माग काढणारे ते अस्त्र चुकविण्यासाठी धुराड्यांवर आवरणे आली, उष्ण फुलबाजे फेकले जाऊ लागले आणि उडण्याची रीतही बदलली. या एका अस्त्राने युद्धाचा निकाल लावला असे जे म्हटले जाते, त्यात अतिशयोक्ती आहे. पण निर्धास्तपणाचे दिवस संपले हे खरे.

‘अपाची’ या अमेरिकन हेलिकॉप्टरचा आराखडा मध्य युरोपच्या मैदानांवर चालून येणारे सोव्हिएत रणगाडे डोळ्यांपुढे ठेवून आखलेला होता. १९७५ मध्ये ते प्रथम उडाले. रात्रीच्या अंधारात पाहणारे डोळे, वैमानिकाने मान वळवावी तशी वळणारी ३० मिलिमीटरची तोफ आणि लेसर किरणांच्या खुणेवर जाणारी सोळा ‘हेलफायर’ क्षेपणास्त्रे, असा त्याचा सरंजाम. १७ जानेवारी १९९१ च्या रात्री अशाच अपाची हेलिकॉप्टरांनी इराकची दोन रडार ठाणी उद्ध्वस्त करून आखाती युद्धातील हवाई मोहिमेचे दार उघडले. बारा वर्षांनी त्याच देशात, मार्च २००३ मध्ये, करबलाच्या परिसरात तीस-एक अपाची इराकी तुकडीवर चालून गेली. यंत्रे आता अधिक सुधारलेली होती. पण घराघरांतून आणि झाडाझुडपांतून साध्या बंदुका व मशिनगना एकदम कडाडल्या. जवळजवळ प्रत्येक हेलिकॉप्टर गोळ्यांनी चाळणी होऊन परतले. एक पडले व त्याचे दोघे वैमानिक कैद झाले. रणगाडे शोधण्यासाठी दिलेल्या डोळ्यांना छपरावरचा माणूस दिसला नव्हता.

युक्रेनमध्ये २०२२ साली रशियाच्या केए-५२ या, एकावर एक अशी दोन उलटसुलट फिरणारी पाती असलेल्या हेलिकॉप्टरांनाही खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांनी मोठी हानी पोहोचविली. पुढच्या उन्हाळ्यात तीच दूर मागे राहून लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे सोडू लागली आणि युक्रेनच्या चढाईस त्यांनी पुष्कळ अडथळा केला. जपानने तर डिसेंबर २०२२ मध्ये आपली हल्ल्याची हेलिकॉप्टरे टप्प्याटप्प्याने काढून त्यांची जागा मनुष्यविरहित विमानांना देण्याचे धोरण जाहीर केले.

भारताने वेगळा धडा घेतला, आणि तो रक्त सांडून घेतला. १९८० च्या दशकापासून हवाई दलाजवळ एमआय-२५ व पुढे एमआय-३५ ही रशियन घराण्याची हेलिकॉप्टरे होती. १९९९ मध्ये कारगिलची शिखरे परत घेण्याची वेळ आली तेव्हा ती तेथे चालण्यासारखी नव्हती. सोळा हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने तीन-पंचमांशावर येते. पात्यांना पकड मिळत नाही आणि इंजिनाचाही दम कोंडतो. तेथे चिलखताचा प्रत्येक शेर इंधनातून किंवा दारूगोळ्यातून वजा करावा लागतो. म्हणून एमआय-१७ या मुळात सामानवाहू हेलिकॉप्टरांना अग्निबाण बांधून पाठविण्यात आले. २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगजवळ त्यांपैकी एक क्षेपणास्त्राने पाडले गेले व त्यातील चारही जण कामी आले. त्यानंतर हल्ल्याचे काम हेलिकॉप्टरांकडून काढून घेण्यात आले.

या उणिवेतून बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने घडविलेले हलके लढाऊ हेलिकॉप्टर मार्च २०१० मध्ये उडाले. पुढे चाचण्यांत ते सियाचीनच्या उंचीवर शस्त्रभारासह उतरले, आणि ३ ऑक्टोबर २०२२ रोजी जोधपूर येथे ‘प्रचंड’ या नावाने हवाई दलात दाखल झाले. वजनाने ते जेमतेम पावणेसहा टन. नाव प्रचंड असले तरी अंग सडपातळ. दरम्यान २०१९ मध्ये पठाणकोट येथे अपाचीही आली होती. त्या बावीस यंत्रांचा मारा ‘प्रचंड’पेक्षा कितीतरी भारी आहे. कागदावरील तुलनेत अपाची वरचढ ठरेल यात संशय नाही, परंतु हिमशिखरांवरील काम तिच्याकडून तितक्या सहजतेने होणार नाही. मार्च २०२५ मध्ये सरकारने आणखी १५६ ‘प्रचंड’ हेलिकॉप्टरांचा करार केला. त्यांपैकी ९० लष्कराला व ६६ हवाई दलाला मिळावयाची असून ती बंगळूर व तुमकूर येथे बांधली जावयाची आहेत. लष्कराच्या वैमानिकांचे शिक्षण मात्र नाशिकलाच होते.