बाटलीत न वाढणारा जीवाणू आणि मुंबईची प्रयोगशाळा

१/ इ.स. १८७३. नॉर्वेतील बर्गन येथे हान्सेन यांना कुष्ठरुग्णांच्या गाठींत दंडाकार जीवाणू दिसले. दीडशे वर्षे उलटली, तरी हा जीवाणू प्रयोगशाळेतील माध्यमावर वाढलेला नाही. या अपयशातूनच मुंबईत एक लस जन्माला आली. तिचा हा इतिहास.

२/ काही जीवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात. क्षयाच्या जीवाणूला त्यासाठी १५ ते २० तास लागतात. म्हणून अंडी व ग्लिसरॉलयुक्त माध्यमावर, ३७ अंश सेल्सिअसला, त्याचा संवर्ध दिसण्यास कित्येक आठवडे जातात. तोवर इतर जीवाणूंनी बाटली बळकावू नये म्हणून माध्यमात मॅलाकाइट ग्रीन हा हिरवा रंग मिसळतात.

३/ कुष्ठाचा जीवाणू याहून संथ! दुप्पट होण्यास सुमारे १२ ते १४ दिवस, आणि तेही सजीव पेशीतच. संवर्ध नाही, म्हणून औषधे तपासणे व लस बनवणे दोन्ही दुष्कर.

४/ वऱ्हाडात अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारले. पुढे आनंदवन वसविणाऱ्या बाबा आमटे यांनी कोलकात्यात शिकत असताना जीवाणू वाढविण्यासाठी स्वतःचे शरीरच प्रयोगास देऊ केले. तो प्रयोगही निष्फळ ठरला.

५/ १९५८. मुंबईचे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर. बापट, कमल रणदिवे व खानोलकर यांनी वेगळा मार्ग धरला. कुष्ठाचा जीवाणू मज्जातंतूंत वसतो. म्हणून मानवी भ्रूणाच्या मज्जापेशींच्या संवर्धात त्यांनी रुग्णाच्या गाठीतील द्रव्य सोडले. जीवाणू वाढले! संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘आयसीआरसी’ हे नाव मिळाले.

६/ परंतु हा खरोखर कुष्ठाचाच जीवाणू होता काय? १९६० साली अमेरिकेत शेपर्ड यांनी कुष्ठाचा जीवाणू उंदराच्या तळपायात वाढविला. १९७१ मध्ये आर्माडिलो या प्राण्यातही तो वाढला. आयसीआरसी मात्र पुढे साध्या माध्यमावरही वाढू लागला. अखेर तो क्षयजीवाणूंच्या दूरच्या नात्यातील, ‘एव्हियम-इंट्रासेल्युलेर’ गटातील ठरला.

७/ म्हणून श्रम वाया गेले काय? नाही. दोन्ही जीवाणूंत प्रतिकारशक्ती जागविणारे काही घटक समान होते. एम. जी. देव व सहकाऱ्यांनी मृत आयसीआरसी जीवाणूंपासून लस सिद्ध केली. दक्षिण भारतातील चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले : बीसीजीचे संरक्षण ३४.१ टक्के, आयसीआरसीचे ६५.५ टक्के.

८/ रणदिवे यांना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. कुष्ठरोग ओसरला तो मुख्यतः बहुविध औषधोपचाराने. त्याचा जीवाणू वाढविण्यास संशोधकांना आजही उंदीर व आर्माडिलोच लागतात.