आधी काय, मग काय

नातवाने संगणकावर लिनक्स बसवून दिले. मी एक प्रोग्राम मागितला, तर यंत्राने आधी दुसरेच चार उतरवून घेतले! ही शिस्त आली कुठून?

१९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ वाया गेली. चूक सुधारली होती, पण ती फाईल पुन्हा कंपाइल करायचीच राहिली होती. मग सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिले. कोण कोणावर अवलंबून ते मांडा. क्रम यंत्र लावील. मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ सोबत आलेले ‘ॲप्ट’ पॅकेजे बसवताना असाच क्रम सांभाळू लागले.

बेरीज कच्ची असताना मी मुलांना गुणाकार शिकवला, आणि नापास झाल्यावर त्यांनाच बोललो. असो. क्रम चुकला होता, आणि तो मी लावला होता.