डेहराडूनचे रसायन आणि अमेरिकी अंगणातील कंपोझिट फळी

घरामागच्या डेकसाठी फळ्या घेण्यास गेलेल्या अमेरिकी ग्राहकापुढे आज बहुधा दोन नमुने ठेवले जातात. एक, औषध मुरवलेले पाइनचे लाकूड. दुसरा, लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांची कंपोझिट फळी. दुसरीची किंमत बरीच अधिक. या निवडीमागच्या इतिहासाचा आरंभ मात्र अमेरिकेत नव्हे, डेहराडूनमध्ये झाला.

डेक म्हणजे घराला लागून तुळयांवर उभारलेला उघडा लाकडी ओटा. वर छप्पर नसल्याने ऊन, पाऊस, बर्फ सारे थेट फळ्यांवर पडते. साधे पाइन अशा जागी काही वर्षांतच कुजते.

१९३० च्या दशकात हिंदुस्थानात प्रश्न डेकचा नव्हता. रेल्वेच्या स्लीपरांचा आणि तारेच्या खांबांचा होता. वाळवी व बुरशी त्यांचा फडशा पाडीत. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणारे क्रिओसोट तेल उपयोगी, पण काळे आणि उग्र वासाचे. मोरचूद आणि सोमल किडीला मारक आहेत हे ठाऊक होते. अडचण एवढीच की ते पाण्यात विरघळत आणि पावसाबरोबर लाकडातून निघून जात.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंटी कामेसम यांनी १९३३ मध्ये यावर तोड काढली. सोमलाचे संयुग १ भाग, मोरचूद ३ भाग आणि त्यात ४ भाग डायक्रोमेट. क्रोमियमची लाकडाशी प्रक्रिया होऊन तांबे व सोमल तंतूंतच जखडले जात. आर्सेनिक आणि कॉपर यांच्या रासायनिक चिन्हांवरून या मिश्रणाला ‘आस्कू’ नाव पडले. १९३८ मध्ये त्याला अमेरिकी पेटंटही मिळाले. भारतीय विज्ञानाच्या इतिहासात हे नाव क्वचितच निघते, ही खेदाची गोष्ट.

अमेरिकेत हे रसायन पुढे ‘सीसीए’ या आद्याक्षरांनी ओळखले गेले. बंद टाकीत लाकूड ठेवून, हवा काढून, दाबाखाली द्रावण आत घुसवावयाचे. पूर्वी डेकला रेडवूड किंवा सीडर लागे. आता हिरवट झाक असलेले स्वस्त पाइन तेवढेच टिकू लागले. १९७० च्या दशकापासून उपनगरांतील घरोघरी डेक उभे राहिले ते याच जोरावर.

पण ‘जखडलेला’ सोमल पूर्णपणे जखडलेला नव्हता. थोडा अंश फळीच्या पृष्ठभागावर आणि खालच्या मातीत येत राही, आणि त्याच फळ्यांवर मुले रांगत. २००१ मध्ये क्रीडांगणांतील लाकडी खेळण्यांवरून मोठा गदारोळ झाला. फेब्रुवारी २००२ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने जाहीर केले की घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी सीसीएचा उपयोग २००३ अखेर थांबेल. तशी तयारी उत्पादकांनीच दाखवली होती. खांब, बंदरातील लाकडे यांसारखे उपयोग चालू राहिले.

कंपोझिट फळी या भीतीतून जन्मली असा समज आढळतो. तो बरोबर नाही. तिचा जन्म कचऱ्यातून झाला, आणि गदारोळाच्या दहाएक वर्षे आधी. टाकाऊ पॉलिथिन पिशव्या आणि कारखान्यातील भुसा यांचे काय करावे, हा मूळ प्रश्न होता. सुमारे २०० अंशांपुढे लाकूड करपू लागते. पॉलिथिन त्याच्या बरेच आधी वितळते, म्हणून ही जोडी जमली. मोबिल या तेल कंपनीच्या रसायन विभागाने १९९२ मध्ये अशा एका उद्योगाचे काम विकत घेतले. १९९६ मध्ये तेथील चार अधिकाऱ्यांनी ते स्वतःकडे घेऊन ‘ट्रेक्स’ कंपनी उभारली. सोमलाच्या भीतीने या मालाचा जन्म घडवला नाही. त्याला बाजारपेठ मात्र मिळवून दिली.

पहिल्या पिढीच्या फळ्यांची जाहिरात ‘देखभाल नको’ अशी होई. प्रत्यक्षात भुशाचे कण पृष्ठभागाशी उघडे राहत, एकमेकांना चिकटून असत, आणि पाणी त्या वाटेने आत शिरे. फळ्यांवर काळे डाग पडले, रंग उडाला, काही ठिकाणी पापुद्रे सुटले. प्रकरणे न्यायालयांत गेली. सुमारे २०१० पासून गाभ्याभोवती शुद्ध प्लास्टिकचे कवच चढवण्याची पद्धत रूढ झाली, ती या अनुभवातूनच.

म्हणून नमुना हाती घेणाऱ्याने रंगापेक्षा आधी कापलेली कड पाहावी. काही फळ्यांना कवच तीनच बाजूंनी असते, तळ उघडा. जमिनीपासून पुरेशा उंच, हवेशीर डेकला ते चालते. ओलसर जमिनीलगतच्या डेकला चारही बाजू झाकलेली फळी हवी. गडद रंगाची फळी उन्हात अनवाणी पायाला सोसवत नाही, हेही दुकानाच्या सावलीत कळत नाही.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत दिसत नाही. प्लास्टिकमिश्रित फळी लाकडापेक्षा लवचिक. भार पेलण्याचे काम तिच्याकडे देत नाहीत. तुळया साधारणतः १६ इंचांवर, फळ्या तिरप्या बसवल्यास बहुधा १२ इंचांवर, आणि त्या तुळया आजही बहुतेक औषध मुरवलेल्या पाइनच्याच. नव्या औषधांतून सोमल आणि क्रोमियम गेले, तांबे राहिले, नव्हे वाढले. त्यामुळे साधे खिळे लवकर गंजतात आणि जस्ताचा जाड मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे खिळे घ्यावे लागतात. २००४ पूर्वीच्या जुन्या सांगाड्यावर नव्या फळ्या बसवणाऱ्या घरांत तर कामेसमांचे मूळ त्रिकूट अजूनही पायाखाली असू शकते. तसे लाकूड कापताना तोंडाला मास्क लावतात आणि उरलेले तुकडे जाळत नाहीत, कारण राखेत सोमल तसाच राहतो.